आजचं चिंतन : बंद कारखान्यातला अभ्यास



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५.

अर्जुनाची तक्रार आपली सगळ्यांचीच आहे. मन वाऱ्यासारखं, ते आवरायचं कसं? ते कठीण आहे हे भगवंत आधी मान्य करतात आणि मग दोन उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. दोन्ही एकत्रच का? हे समजायला आज सणसरला जाऊया.

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी सणसरला मुक्कामी असते. जवळच भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. वारीच्या दिवसांत ऊस गाळप बंद असतं. बाहेरून वाटतं, सुट्टी आहे. पण साखर कारखान्यांचं तयारीचं काम याच ऑफ सीझनमध्ये होतं.

आधी बॉयलर. हंगामभर पाणी उकळून नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसतो. तो उष्णता पाण्यापर्यंत नीट जाऊ देत नाही. नळी जास्त तापते आणि ऐन हंगामात फुटू शकते. म्हणून नळ्या साफ करतात. इथे नवीन काही जोडायचं नसतं, साठलेलं काढायचं असतं. हे वैराग्य.

मग मिलचे रोलर. ऊस पिळून पिळून त्यांचे दात झिजतात. झिजलेला रोलरही फिरतो, आवाजही करतो, पण रस चोथ्यातच राहून जातो. म्हणून वेल्डिंगने भर देऊन दात पुन्हा घडवतात. गेल्या वर्षी केलं म्हणून यंदा सुटका नाही. हा अभ्यास. आपलीही माळ फिरत असते, पण रस कुठे राहतो, हे बघायला हवं ना?

शेवटी चाचणी. बॉयलरमध्ये पाणी दाबाने भरून गळती शोधतात. वाफेने नाही, कारण वाफ फुटली तर जीव जातो. बॉयलरची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. हे सगळं झाल्यावर अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत पहिली मोळी.

एवढा आटापिटा कशासाठी? थंडीत उसात साखर भरते, पण तोडलेला ऊस कुणासाठी थांबत नाही. त्याचं वजन घटतं, साखर घटते. १० टक्के उतारा धरला तर १ टन उसाची १०० किलो साखर होते. मिल बंद पडली की वर्ष-दीड वर्ष जपलेलं पीक गाडीतच वाळू लागतं.

आपलाही हंगाम सांगून येत नाही. घरात आजारपण, गेलेली नोकरी, रात्री दोन वाजता आलेला फोन. तेव्हा मन शांत करायला शिकणं म्हणजे दारात उसाच्या गाड्या उभ्या असताना बॉयलर खोलणं. म्हणून साधना आजच्या साध्यासुध्या दिवसात करायची.

आणि तुमचा हंगाम आधीच सुरू झाला असेल तर? खचू नका. कारखानेसुद्धा हंगामात मध्येच थोडा वेळ थांबून सफाई करतात. तुम्हीही दहा मिनिटं थांबा.

आजचा अभ्यास : मनावर थर चढवणारी एक गोष्ट आज बाजूला ठेवा. झोपण्याआधीचा मोबाईल, जुना राग, काहीही. आणि तेवढाच वेळ नामस्मरणाला द्या. उद्या पुन्हा. परवा पुन्हा.

जय जय रामकृष्ण हरी!