स्मरणिका छापायची आहे, कागद कोणता घ्यावा?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढतोय. पानं 84, प्रती 300, काही फोटो रंगीत. छापखानेवाले जीएसएम, ऑफसेट, डिजिटल म्हणतात, काय निवडावं?

उत्तर : आधी पानं 80 करा. पुस्तक बहुधा फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदाच्या 16 पानी घड्यांत छापतात. 80 म्हणजे नेमके पाच फर्मे. वरच्या चार पानांसाठी वेगळा खर्च कशाला? अध्यक्षांचं मनोगत थोडं आटोपतं घ्या.

रंगीत फोटो विखुरू नका, एकाच फर्म्यात आणा. तेवढा 130 जीएसएम आर्ट पेपरवर चार रंगांत, बाकीचे चार नुसत्या काळ्यात 80 जीएसएम मॅपलिथो या साध्या कागदावर. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. पातळ कागदावर मागची अक्षरं दिसतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर सलग मजकूर वाचताना डोळे दिपतात. मुखपृष्ठाला 300 जीएसएम कार्ड पुरे.

300 प्रती म्हणजे काठावरचा आकडा. ऑफसेटला प्लेटांचा खर्च आधीच बसतो, पुढची प्रत स्वस्त पडते. डिजिटलला प्लेटच नाही, पण प्रतीमागचा दर फारसा उतरत नाही. दोन्हींचे दर 300 आणि 500 प्रतींसाठी लेखी मागवा. बांधणी, लॅमिनेशन, जीएसटी धरून.

फोटो मूळ फाइलमधून द्या, व्हॉट्सॲपवरून आलेले नकोत. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायला सांगा. चार शाईंचा काळा जरा सरकला, की अनुस्वारांना रंगीत कडा येतात. पडद्यावरचा भगवा छपाईत थोडा मळकट उतरतो, म्हणून मुखपृष्ठाचं कागदावरचं प्रूफ पाहूनच सही करा.