रोबोट नंतर, आधी सोनोग्राफी

रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, लघवीला जाऊन आलं तरी मोकळं वाटत नाही. पन्नाशी-साठीनंतर या तक्रारींमागे बहुधा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असते. पालघर, बोईसरचे रुग्ण हल्ली थेट विचारतात, 'मुंबईला जाऊन रोबोटनं ऑपरेशन करून घेऊ का?' माझं उत्तर एकच: ऑपरेशन लागणार का, हे आधी ठरू द्या. कोणत्या यंत्रानं, ते मग बघू.

ही ग्रंथी तरुणपणी साधारण २० ग्रॅमची असते. वयानुसार वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. नुसत्या वजनाच्या आकड्यानंही घाबरू नका. ३५ ग्रॅमची ग्रंथी एखाद्याची लघवी अडवते आणि ९० ग्रॅमची असूनही एखादे आजोबा निवांत असतात. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टात वजनाबरोबर लघवीनंतर पिशवीत किती लघवी उरते, तेही बघायचं. लघवीची तपासणी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी करून घ्या. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून.

बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. टॅमसुलोसिनचा गुण काही दिवसांत दिसतो. मात्र सुरुवातीला चक्कर येऊ शकते, अंथरुणातून सावकाश उठा. ग्रंथी लहान करणाऱ्या फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइडला तीन ते सहा महिने द्यावे लागतात. त्यांनी पीएसए जवळपास निम्म्यावर येतं, म्हणून तपासणीच्या वेळी गोळी चालू असल्याचं सांगा.

लघवी पुन्हा पुन्हा तुंबणं, वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्त, पिशवीत खडे, मूत्रपिंडाला सूज, किंवा गोळ्यांचा उपयोग न होणं, अशा वेळी ऑपरेशनचा विचार होतो. त्यातही बहुतेकांना मूत्रमार्गातून दुर्बिणीनं किंवा लेझरनं केलेलं ऑपरेशन पुरतं. पोटावर छेद नाही आणि बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन होतं.

पोटातून करायची रोबोटिक शस्त्रक्रिया सहसा ८० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीसाठी असते, सोबत पिशवीत मोठे खडे असतील तर विशेष. रोबोट स्वतःहून काही कापत नाही. सर्जन कन्सोलवर बसून, मोठं त्रिमितीय चित्र बघत यंत्राचे हात चालवतो. साल तशीच ठेवून चिकूचा गर काढावा, तसा ग्रंथीचा वाढलेला आतला भाग काढतात. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा रक्त कमी जातं, घरीही लवकर जाता येतं. मात्र पूर्ण भूल द्यावी लागते, पोटात वायू भरतात आणि डोकं खाली करून झोपवतात. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसानं आधी भूलतज्ज्ञाचं मत घ्यावं. ॲक्वाब्लेशन हा वेगळा प्रकार: त्यात सर्जननं आखून दिलेल्या हद्दीत यंत्र पाण्याच्या झोतानं ग्रंथी कोरतं, तेही मूत्रमार्गातून.

सर्जनला चार गोष्टी विचारा. माझ्या ग्रंथीला दुर्बीण किंवा लेझर का चालणार नाही? तुम्ही ही शस्त्रक्रिया नेहमी करता का? लघवीची नळी किती दिवस? वीर्य बाहेर येणं थांबेल का? विमा असेल तर रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी पॉलिसीत वेगळी मर्यादा आहे का, तेही बघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. स्वतःच्या मनानं बंद करू नका.

तारापूर एमआयडीसीत उष्णतेत पाळी करणाऱ्यांनी लघवीच्या भीतीनं पाणी तोडू नये; संध्याकाळनंतर कमी करावं. डहाणू लोकलमध्ये शौचालय नाही, त्यामुळे तपासणीला मुंबईला जाताना शौचालय असलेली गाडी धरा. सर्दीच्या काही गोळ्या आणि भरपूर दारू-ताडी यांनी लघवी एकदम तुंबू शकते. तशी तुंबलीच, तर मुंबईच्या नादात वेळ घालवू नका. जवळच्या रुग्णालयात नळी घालून घ्या, काही मिनिटांत आराम पडेल. ऑपरेशन कुठे आणि कसं, हे मग दोन दिवसांनी शांतपणे ठरवता येतं.