संगणकातील खटके आणि त्यांची वही

एकाच पेढीच्या चार गावी चार शाखा असल्या, म्हणजे भाव बदलल्याचा निरोप चारही ठिकाणी एकाच वेळी पोहोचविणे किती अवघड असे, हे जुन्या व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको. एका शाखेत नवा भाव चालू, दुसरीत कालचाच. आणि महिनाअखेर हिशेब जुळविताना मुनिमाची त्रेधा. आज व्यवहार संगणकावर गेला आहे. परंतु हा प्रश्न मात्र गेलेला नाही. त्याने केवळ रूप पालटले आहे.

संगणकाचा कोणताही कार्यक्रम दोन अंगांनी बनलेला असतो. एक त्याची रीत, म्हणजे बेरीज कशी करावी, बिल कसे छापावे, याचे नियम. दुसरे त्या रीतीला लागणारी माहिती: दर, मर्यादा, पत्ते, कोणती सोय कोणास खुली आणि कोणास बंद. या दुसऱ्या अंगास कॉन्फिगरेशन म्हणतात; आपण त्यास मांडणी म्हणू. रीत क्वचित बदलते, मांडणी वरचेवर बदलते. म्हणून दोन्ही एकत्र गुंफू नयेत, हा या विषयातील पहिला पाठ होय.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा १२ आणि २८ टक्क्यांच्या वर्गातील बहुतेक माल ५, १८ किंवा ४० टक्क्यांत गेला. ज्या बिलिंग कार्यक्रमांत दर रीतीमध्येच कोरून ठेवलेला असतो, तेथे अशा वेळी कारागीर बोलावून सारा कार्यक्रम दुरुस्त करणे भाग पडते. जेथे मालाचा एचएसएन क्रमांक, दर आणि तो लागू होण्याची तारीख असे निराळे कोष्टक असते, तेथे काही ओळी भरल्या की काम झाले. त्यातही जुनी ओळ खोडावयाची नसते. कारण बदलापूर्वी विकलेला माल परत आला तर त्याचा हिशेब मूळ बिलाच्याच दराने करावा लागतो.

क्लाउडवर चालणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाची गोष्ट याहून गुंतागुंतीची असते. तो एका यंत्रावर नसतो. त्याच्या दहा, शंभर, प्रसंगी हजारो प्रती निरनिराळ्या सर्व्हरवर एकाच वेळी चालू असतात. प्रत्येकीत मांडणी वेगळी लिहिली, तर चार शाखांचा जुना घोटाळा हजारपट होऊन पुढे उभा राहतो. म्हणून मांडणी मध्यवर्ती ठिकाणी ठेवतात. ॲमेझॉनची ॲपकॉन्फिग आणि मायक्रोसॉफ्टची ॲप कॉन्फिगरेशन या सेवा याच कामाच्या आहेत. प्रत्येक प्रत ठरावीक अंतराने मध्यवर्ती ठिकाणी विचारणा करते, नवे मूल्य आले असल्यास ते घेते आणि स्वतःजवळ जपून ठेवते. मध्यवर्ती ठिकाणाशी संबंध तुटला, तर शेवटचे ठाऊक असलेले मूल्य वापरून काम चालू ठेवणे, हे चांगल्या रचनेचे लक्षण समजतात. परवलीचे शब्द मात्र या कोष्टकात ठेवू नयेत. त्यांची तिजोरी निराळी असावी.

या मांडणीतील सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणजे फीचर फ्लॅग. यास खटका म्हणणे बरे. नवी सोय कार्यक्रमात बसवून ठेवावयाची, परंतु खटका बंद. मग प्रथम शंभरातील एका ग्राहकास, मग दहांस, मग सर्वांस, अशी ती उघडावयाची. बिघाड दिसताच खटका पाडला की जुनी वाट पूर्ववत चालू. सोय पुरती रुळली, म्हणजे तो खटका काढून टाकावयाचा. हा शेवटचा भाग लोक विसरतात, आणि विसरल्याची किंमत काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले आहे.

नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातील बडी दलाल पेढी होती. तिच्याकडे ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी रीत होती; तिचा वापर २००३ मध्ये बंद झाला, पण ती कार्यक्रमातून काढली गेली नाही. पुढे २००५ मध्ये, ग्राहकाची मागणी पुरी झाली की थांबावयाचे, ही मोजणी करणारा भाग दुसरीकडे हलविला गेला. म्हणजे ती जुनी रीत जागी झाली असती तर थांबणे तिला ठाऊकच नव्हते. न्यूयॉर्क शेअरबाजाराची एक नवी योजना १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू व्हावयाची होती. तिच्यासाठी पेढीने नवी रीत लिहिली आणि तिला पॉवर पेगचाच जुना खटका दिला. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवी रीत चढली. आठव्यावर चढवावयाची राहून गेली, आणि ते काम दुसऱ्या कोणी तपासले नाही.

त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वीच यंत्राने पॉवर पेगचा उल्लेख असलेली ९७ टपाले पेढीतील लोकांस धाडली होती. त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर जुनी रीत जागी झाली. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपायी १५४ कंपन्यांच्या शेअरांत चाळीस लाख सौदे झाले, आणि तेही सुमारे ४५ मिनिटांत! अशा प्रसंगी काय करावे, याची लेखी पद्धत पेढीत नव्हती. घाबऱ्या लोकांनी चांगल्या सात सर्व्हरवरील नवी रीत काढून टाकली. तेव्हा तेथेही जुनीच रीत धावू लागली. तोटा ४६ कोटी डॉलरांच्या वर गेला. काही दिवसांतच बाहेरून ४० कोटी डॉलर भांडवल आणून पेढी सावरावी लागली, आणि २०१३ मध्ये ती गेटको या दुसऱ्या पेढीशी एक झाली. त्याच वर्षी नियामक मंडळाने १ कोटी २० लाख डॉलर दंडही बसविला.

यावरून कोणी म्हणेल की खटके न ठेवलेलेच बरे. आमच्या मते ते बरोबर नाही. गूगलच्या क्लाउडमध्ये २९ मे २०२५ रोजी एक नवी तपासणी बसविली गेली. तिला खटक्याचे संरक्षण नव्हते. १२ जून रोजी मांडणीत काही रकाने कोरे असलेली एक नोंद शिरली आणि काही सेकंदांत जगभर उतरली. कोऱ्या रकान्याशी येताच कार्यक्रम सर्व विभागांत एकदम कोसळला. हे मध्यवर्ती मांडणीचे दुसरे अंग होय: चूकही तितक्याच वेगाने सर्वत्र पोहोचते. याकरिता नोंद स्वीकारण्यापूर्वी तपासणे, प्रथम एका विभागात उतरवून थोडे थांबणे आणि बिघाडाची खूण दिसताच आपोआप मागे फिरणे, अशी व्यवस्था हवी. ॲपकॉन्फिगसारख्या सेवांत ती तयार मिळते. पण ती वापरणे न वापरणे चालविणाऱ्याच्या हाती असते.

आता आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानांचे व कोठारांचे हिशेब क्लाउडवर चालतात. कार्यक्रम विकावयास येणाऱ्या गृहस्थांस किमतीखेरीज आणखीही विचारावे. दर बदलल्यास तो कोठे आणि कोण भरतो? कोणी, केव्हा, कोणत्या मूल्यावरून कोणत्या मूल्यावर बदल केला, याची न पुसता येणारी वही आपणांस दाखविता येते काय? प्रत्येक खटक्यापुढे त्याचा धनी आणि तो काढून टाकण्याची तारीख लिहिलेली आहे काय? रविवारी रात्री बदल बिघडला, तर तो मागे घेण्याचा अधिकार कोणाकडे, आणि त्यांचा दूरध्वनी कोणता? या प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नयेत. करारपत्रात लिहून घ्यावीत, आणि सही करण्यापूर्वी एक बदल करून तो मागे घेऊन दाखवावयास सांगावे.