टाके निघाले, पण औषध?

मुलांनो, कुत्र्याच्या अंगावर कधी कधी गाठ येते. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. म्हणून ती पशुवैद्यांकडून तपासून घ्यावी.

कर्करोगाची गाठ शस्त्रक्रिया करून काढतात. साधारण दोन आठवड्यांत टाके निघतात. कुत्रा पुन्हा धावू लागतो. आपल्याला वाटते, आजार संपला! पण रोगाच्या काही पेशी शरीरात उरू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यापासून गाठ पुन्हा वाढते. म्हणून काही कुत्र्यांना अनेक महिने औषध द्यावे लागते.

टोसेरानिब हे असेच एक औषध आहे. खास कुत्र्यांच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले हे पहिले औषध. ही मान्यता २००९ साली मिळाली. त्वचेतील एका प्रकारची गाठ पुन्हा आली, तर त्याच्या गोळ्या दिवसाआड देतात.

या औषधाने उलट्या किंवा जुलाब होऊ शकतात. भूक कमी होते. कुत्र्याला बोलता येत नाही. त्याचा त्रास तुम्हीच ओळखायचा. त्याने किती खाल्ले, शौच कसे झाले, हे रोज वहीत लिहा. त्रास दिसला, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. ते मात्रा कमी करतील किंवा औषध काही दिवस थांबवतील. कुत्रा बरा दिसतो म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ही गोळी फोडू नये. मुलांनी तिला हात लावू नये. मोठ्यांनी हातमोजे घालून ती द्यावी. तुमची वही हीच तुमची मदत!

शब्दार्थ : पशुवैद्य – जनावरांचे डॉक्टर. दिवसाआड – एक दिवस सोडून. मात्रा – औषधाचे प्रमाण.