आजचं मनन: फोटोत मागे कोण होतं?

आजचं वचन: मत्तय ६:१-४
सोबत वाचा: मत्तय २५:३१-४०



आजचा भाग आपल्या बहुतेकांना संडेस्कूलपासून माहीत आहे. दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, गुप्तपणे पाहणारा पिता फळ देईल. मलाही हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि लागू पडणं वेगळं. मला हे वचन लागू पडलं ते एका फोटोमुळे.

मी लंडनमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्सची स्वयंसेवक आहे. नोकरी ऑफिसातली, हे काम सुट्टीच्या दिवसाचं. तुमच्यापैकी काहींनी भारतात कॉलेजमधून किंवा कंपनीतर्फे सेंट जॉनचं प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट घेतलं असेल. तेच हे सेंट जॉन. इथे फुटबॉलचे सामने, संगीताचे कार्यक्रम, मिरवणुका, जिथे गर्दी तिथे आम्ही हिरवा गणवेश घालून, औषधांची बॅग खांद्याला लावून उभे असतो. पगार नसतो.

गोष्ट लंडन मॅरेथॉनच्या दिवसाची. सकाळी माझ्याकडे काम आलं व्हॅसलिन वाटायचं. हसू नका, खरंच असतं हे काम. हातमोज्यावर व्हॅसलिनचा गोळा घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. धावणारे येतात, बोटानं उचलतात आणि जिथे कपडा घासून कातडी सोलवटली असेल तिथे लावतात. एकानं तर खायची जेल समजून तोंडात घातलं! मी हसत होते, पण आतून खट्टू होते. इतकं ट्रेनिंग घेतलं ते याच्यासाठी का?

दुपारी तंबूत ड्युटी लागली. एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्याकडे आले. पायात गोळे आलेले, चक्कर येत होती, शर्यत अर्धवट सोडावी लागलेली. त्यांना चंदेरी ब्लँकेट गुंडाळून बसवलं, पाणी दिलं, नाडी पाहिली, फॉर्म भरला. ते हुंदके देऊन रडत होते. आणि माझं लक्ष कुठे होतं? पलीकडच्या खाटेकडे. तिथे डॉक्टर, मशीन, धावपळ. मला तिथे असायचं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "तुम्हाला तिकडे जायचं असेल तर जा. मी ठीक आहे."

मी "नाही नाही" म्हटलं. पण ते बरोबर बोलले होते.

शिफ्ट संपताना मी तंबूच्या दारात सेल्फी काढला. गणवेश, बाहीवरचा पांढरा क्रॉस, दमलेला चेहरा. संध्याकाळी ट्रेनमध्ये बसून पोस्ट केला. खाली लिहिलं, "माझं काही नाही, सगळा गौरव प्रभूचा." दहा मिनिटांत पुण्याहून, मुंबईहून हार्ट यायला लागले. चर्चमधल्या काकूंनी लिहिलं, "अभिमान वाटतो बेटा." मी दर दोन मिनिटांनी फोन उघडून बघत होते.

मग आमच्या युनिटमधल्या एका बाईंचा मेसेज आला. सत्तरी ओलांडलेल्या, आमच्यात सगळ्यात जुन्या. त्यांनी रागावून काही लिहिलं नव्हतं. एवढंच होतं: "फोटो छान. पण मागे तुझा पेशंट दिसतोय. काढून टाकशील?"

मी फोटो मोठा करून पाहिला. माझ्या खांद्यामागे चंदेरी ब्लँकेटमध्ये ते गृहस्थ, तोंड हातांत धरून. ओळखू येतील असे. पेशंटची गुप्तता हा आमच्याकडचा अगदी पहिला नियम. मी तो मोडला होता, आणि खाली प्रभूचं नाव लिहून मोडला होता. फोटो लगेच काढला. पण तोवर कितीजणांनी पाहिला असेल, कोण जाणे.

त्या रात्री मत्तय ६ उघडलं.

इथे दोन शब्द नीट समजून घेऊ या. "ढोंगी" यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, "हुपोक्रितेस", तो नाटकात काम करणाऱ्या नटासाठी वापरत. नट वाईट असतो असं नाही. पण त्याला प्रेक्षक लागतात. प्रेक्षागृह रिकामं असेल तर नाटक होत नाही. दुसरा शब्द "अपेखो". येशू म्हणतो, त्यांना त्यांचं फळ मिळून चुकलं आहे. हा शब्द तेव्हाच्या पावत्यांवर लिहिला जाई: रक्कम पोचली, हिशेब मिटला. आपल्या भाषेत सांगायचं तर पेमेंट रिसीव्ड. मला हवे होते ते हार्ट मिळाले, मी मोजूनसुद्धा घेतले. आता पित्याकडे मागायला बाकी काही उरलंच नाही.

मग प्रश्न येतो, की लोकांनी कौतुक करणंच चूक आहे का? शाल देणं, सर्टिफिकेट देणं, पदक देणं? मला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मी ज्या संस्थेत आहे तिथे पदकं भरपूर आहेत.

थोडा इतिहास सांगते. अकराव्या शतकात यरुशलेममध्ये यात्रेकरूंसाठी एक रुग्णालय होतं. ते चालवणाऱ्या बंधूंचा प्रमुख होता जेरार्ड. १११३ मध्ये पोप दुसरे पास्काल यांनी या बंधुसंघाला मान्यता दिली. पुढे याच संघानं तलवारही हातात घेतली, आणि तो सगळा इतिहास काही उजळ नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हे नाव नव्यानं उभं राहिलं, ते मात्र तलवारीसाठी नाही. कारखाने, खाणी, रेल्वे यांत माणसं जखमी होत आणि डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसे. म्हणून १८७७ मध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन सुरू झाली, साध्या माणसांना प्रथमोपचार शिकवायला. १८८७ मध्ये गणवेशातल्या स्वयंसेवकांचं ब्रिगेड निघालं. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियानं ऑर्डर ऑफ सेंट जॉनला राजसनद दिली. आज या कामात सगळ्या धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारेही लोक आहेत.

या ऑर्डरमध्ये मेंबर, ऑफिसर, कमांडर अशा चढत्या पायऱ्या आहेत. पण गंमत बघा, वरच्या पायरीवर नाइट झालेल्या माणसालाही त्यामुळे नावाआधी "सर" लावता येत नाही. जीव वाचवणाऱ्यांसाठी वेगळं पदक आहे, ते १८७४ पासूनचं. आणि एक आहे सेवापदक, १८९८ साली सुरू झालेलं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फितीचं. त्यावर अजूनही राणी व्हिक्टोरियाचाच चेहरा आहे. मधे किती राजे आले-गेले, तो बदलला नाही. आता हे पदक दहा वर्षांच्या सेवेनंतर मिळतं आणि पुढे दर पाच वर्षांनी फितीवर एक पट्टी चढते.

मला मेसेज करणाऱ्या त्या बाईंकडे हे पदक आहे, बऱ्याच पट्ट्यांसकट. एकदा मी उत्सुकतेनं विचारलं होतं, "हे कशाबद्दल मिळालं?" मला वाटलं, एखादी थरारक गोष्ट सांगतील. त्या म्हणाल्या, "येत राहिले म्हणून."

तेव्हा मला ते उत्तर फिकं वाटलं होतं. आता वाटत नाही. सेवापदक एखाद्या मोठ्या दिवसाबद्दल मिळत नाही. ते मिळतं पावसात कोणी न पडलेल्या सामन्यांबद्दल, व्हॅसलिनबद्दल, बॅगेतल्या पट्ट्या मोजून ठेवल्याबद्दल. आणि मुख्य म्हणजे ते दुसरं कोणीतरी देतं. स्वतःच्या हातानं छातीवर लावून घ्यायचं नसतं.

बायबल कौतुकाच्या विरोधात नाही. रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय आपण बहुतेक वेळा भराभर वाचून टाकतो, कारण त्यात नावांचीच यादी आहे. पण ते पौलानं केलेलं आभारप्रदर्शन आहे! फीबीनं पुष्कळांना साहाय्य केलं, पर्सिसनं प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले. पौल दुसऱ्यांची नावं आठवून आठवून लिहितो. म्हणजे नियम असा दिसतो: दुसऱ्याचं कौतुक सढळ हातानं करा, स्वतःचं गोळा करत फिरू नका. आपण नेमकं उलटं करतो. ख्रिसमसच्या कार्यक्रमानंतर आभार मानताना आपलं नाव राहिलं, तर ते वर्षभर लक्षात ठेवतो. आणि खुर्च्या उचलणाऱ्या मुलाचं नाव आपल्यालाही माहीत नसतं.

आता त्या क्रॉसबद्दल, जो माझ्या फोटोत इतका छान आला होता. त्याला आठ टोकं आहेत. सेंट जॉनच्या परंपरेत ही आठ टोकं म्हणजे मत्तय ५ मधली आठ धन्यवचनं: आत्म्यानं दीन असलेले, शोक करणारे, सौम्य, दयाळू... म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनाची सुरुवात मी बाहीवर मिरवत होते आणि त्याच प्रवचनातला पुढचा अध्याय मोडत होते. दयाळूपणाची खूण बाहीवर, आणि शोक करणारा माणूस माझ्या पाठीमागे.

ऑर्डरचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ, श्रद्धेसाठी आणि माणसांच्या उपयोगासाठी. "उपयोग" हा किती साधा शब्द आहे! आणि ज्याच्या नावानं हे सगळं चालतं तो संत म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. त्याच्याभोवती गर्दी होती, शिष्य होते. तरी त्यानं बोट दाखवलं ते येशूकडे, आणि म्हणाला की त्याची वाढ व्हावी, माझी घट व्हावी (योहान ३:३०).

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते त्या जुन्या रुग्णालयातल्या एका शब्दानं. ते बंधू स्वतःला सेवक समजत आणि आजाऱ्यांना, गरिबांना "आमचे धनी" म्हणत. आलेला माणूस कितीही फाटका असो, तो धनी. हे त्यांनी कुठून घेतलं असेल ते मत्तय २५ वाचलं की समजतं. मी भुकेला होतो, आजारी होतो, आणि जे तुम्ही या लहानातल्या एकाला केलं ते मला केलं.

त्या अध्यायात एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. उजवीकडच्या नीतिमान लोकांना काही आठवतच नाही! ते उलट विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी आजारी पाहिलं? त्यांनी हिशेब ठेवलेला नाही. उजव्या हातानं काय केलं ते डाव्याला कळू न देणं म्हणजे हेच असावं. लोकांपासून लपवणं तर झालंच, पण स्वतःशीही मोजत न बसणं. चांगल्या शोमरोन्याचंही तसंच. दोन दिनार देऊन तो पुढे निघून जातो आणि त्याचं नाव आपल्याला आजपर्यंत ठाऊक नाही.

आता माझा फोटो पुन्हा डोळ्यांसमोर आणा. मत्तय २५ खरं असेल, तर चंदेरी ब्लँकेटमध्ये कोण बसलं होतं? माझा धनी माझ्या पाठीमागे बसून रडत होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून त्याच्याच नावानं हार्ट गोळा करत होते.

त्या गृहस्थांची माफी मागायची मला सोय नाही. त्यांचा पत्ता शोधणं हाही नियमभंगच होईल. त्यांना हे कधी कळणारही नाही. ही टोचणी माझ्याजवळ राहणार आहे आणि प्रभूनं ती लगेच काढून घ्यावी असं मी मागत नाही. मी युनिटमध्ये जाऊन झालेलं सांगितलं. त्या बाई शेजारी बसल्या, चहा दिला, आणि पुढच्या शनिवारच्या ड्युटीला येणार का एवढं विचारलं. मी गेले. अजून जाते. कधी दहा वर्षं झाली आणि कोणी पदक दिलं तर "नको" म्हणून उगीच नम्रपणा मिरवणार नाही, कारण तोही एक कर्णाच. घेईन, आभार मानीन, आणि दुसऱ्या दिवशी व्हॅसलिन वाटायला जाईन.

आज स्वतःला विचारू या:

१. मी करत असलेल्या सेवेचं कोणालाच कधी कळलं नाही, तरी मी ती पुढच्या महिन्यात करेन का?
२. माझ्या सेवेच्या फोटोत मागे कोण आहे? त्याला विचारलं होतं का?
३. या आठवड्यात मी कोणाचं नाव घेऊन आभार मानणार आहे?

प्रार्थना: हे पित्या, तू गुप्तपणे पाहतोस. मला मात्र दिसायचं असतं. माझं हे वेड तुला माहीत आहे, तरी तू मला कामावरून काढलं नाहीस. ज्याच्याकडे मी पाठ केली त्या माणसाला तू बरं ठेव. समोर बसलेल्यात मला तू दिसू दे, आणि माझी नजर दुसऱ्या खाटेकडे जाऊ देऊ नकोस. येशूच्या नावात मागते. आमेन.