मुलगी म्हणतेय, ‘क्रिमिनॉलॉजी करायचंय’



पदवी हातात आली आणि मुलीनं जाहीर केलं, ‘मला क्रिमिनॉलॉजीत एमए करायचंय.’ घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पोलिसात जाणार?’ दुसरा जरा दबक्या आवाजात, ‘सारखं गुन्हेगारांतच वावरायचं?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फक्त त्यांची उत्तरं टीव्हीवरच्या मालिकांत शोधू नका.

क्रिमिनॉलॉजीची, म्हणजे गुन्हेशास्त्राची, ही पदवी अंगावर वर्दी चढवत नाही. फौजदार व्हायला एमपीएससी आणि आयपीएसला यूपीएससी द्यावी लागते. तिथं कुठल्याही शाखेची पदवी चालते. सरकारी वकील व्हायचं तर एलएलबी हवीच. फॉरेन्सिक प्रयोगशाळेत जायचं तर पाया विज्ञानाचा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे तिथं माणसं लागणारच आहेत, पण प्रत्येक वाटेची पात्रता वेगळी. तेव्हा ‘स्कोप आहे का?’ हा प्रश्न जरा मागं ठेवा. ‘तुला नेमकं कुठलं काम करायचंय?’ हे आधी विचारा. कोर्स त्यावरून ठरेल.

काही मुलांना मात्र माणसांसोबतचं काम खुणावतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय समाजकार्याच्या अंगानं शिकवला जात आला आहे. या संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि पोलिस ठाण्यांत काम करतो. आपल्या तुरुंगांतल्या दर चार जणांपैकी साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. काहींना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. याआधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीनं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद याच नव्या संहितेत आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. पण ते दिवस कुणीतरी मोजावे लागतात, यादी करावी लागते, गावाकडचा पत्ता शोधून घरच्यांना निरोप धाडावा लागतो. तुमची मुलगी शिकणार आहे ते हे काम. त्यात पगार बेताचा असतो आणि नोकरी बऱ्याचदा प्रकल्पाच्या मुदतीपुरती. हे तिला आधीच माहीत असू द्या, पण धाक म्हणून सांगू नका.

काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करा. फील्डवर्कहून आलेली मुलगी एखाद्या दिवशी जेवताना गप्प असेल. ‘सोड हे सगळं, बँकेची परीक्षा दे’ म्हणालात, तर पुढच्या वेळी ती काहीच सांगणार नाही. तिला भेटलेल्यांचं नावगाव विचारू नका. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे. ऐकलेलं फॅमिली ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. फक्त ऐकून घ्या.

प्रवेशाआधी तिच्याबरोबर एकदा विभागात जाऊन या. फील्डवर्क कुठं असतं, सोबत मार्गदर्शक कोण असतं, अवघड प्रसंगानंतर विद्यार्थ्यांशी कोण बोलतं, हे विचारा. त्यांची उत्तरं नीट मिळाली नाहीत, तर दुसरं कॉलेज पाहा. विषय बदलायला लावू नका.

आणि लग्नकार्यात कुणी नाक मुरडून विचारलंच, ‘असलं कसलं शिक्षण?’, तर उत्तर तुम्ही द्या. प्रत्येक वेळी तिनंच का द्यावं?