सुगंधी तेल आणि ट्रायकोडर्मा: पैसे नक्की कशाचे मोजता?

घरासाठी गवती चहाचं तेल आणि कुंड्यांसाठी ट्रायकोडर्मा, दोन्ही आता एकाच ऑनलाइन दुकानात मिळतं. दोन्हींच्या भावात तिप्पट-चौपट तफावत दिसते. ती ताडून पाहायला थोडं अंकगणित पुरतं.

आधी तेल. गवती चहाच्या ओल्या पाल्यात तेल जेमतेम अर्धा टक्का, कधी त्याहून कमी. म्हणजे १० मिलीच्या बाटलीला दोन-तीन किलो पाला. पाला स्वस्त आणि वाफेवरचं काम काही तासांत आटोपतं, म्हणून दीडशे रुपयांची बाटली अस्सल असू शकते. गुलाबाचं तसं नाही. किलोभर तेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात, १० मिलीला तीस किलोच्या वर. फुलं शंभर रुपये किलोनं धरली तरी नुसत्या फुलांचेच तीन हजार झाले. जळण, मजुरी वेगळी. मग दोनशे रुपयांच्या ‘शुद्ध गुलाब तेला’त काय असेल ते उघड आहे. वाळ्याची मुळं खणायची, धुवायची, वाळवायची, वर भट्टी दिवस-रात्र चालवायची. ते तेल गवती चहाच्या भावात परवडत नाही. एखाद्या ब्रँडची वीसच्या वीस तेलं एकाच किमतीला असतील, तर मी तिथून काही घेत नाही.

कोऱ्या कागदावर गवती चहाच्या तेलाचा थेंब टाका. दुसऱ्या दिवशी तुपकट डाग उरला, तर त्यात खाण्याचं किंवा खनिज तेल मिसळलंय. कृत्रिम सुगंध मात्र या चाचणीत सापडत नाही, तोही उडून जातो. म्हणून लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि बॅच क्रमांक पाहा. नुसतं ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलेलं उदबत्तीला चालेल, अंगाला नको.

ट्रायकोडर्मा ही मातीतलीच बुरशी. ती कायटिनेज, सेल्युलेज अशी विकरं सोडते; मर आणि मूळकूज आणणाऱ्या बुरशींच्या पेशीभित्ती त्यांनी विरघळतात, पालापाचोळाही कुजतो. हे काम जिवंत बुरशीचं. म्हणजे पैसे भुकटीचे नव्हेत, जिवंत बीजाणूंचे. कृषी सेवा केंद्रात किलोचं पाकीट साधारण १५० ते ३०० रुपयांना मिळतं, कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रावर बहुधा कमी. ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू (म्हणजे वाढू शकणारे जिवंत बीजाणू) छापलेले हवेत. तारीख बरेचदा खालच्या शिवणीवर पुसट उमटलेली असते. पिशवी उलटी करून वाचा. दुकानाच्या दारात उन्हात रचलेला माल तारखेत असला तरी नको.

बीजप्रक्रियेला किलो बियाण्याला ५ ग्रॅम, खर्च रुपया-दीड रुपया. कुंड्यांसाठी ओलसर शेणखतात कालवून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा, मग मातीत मिसळा. त्याच दिवसांत रासायनिक बुरशीनाशक ओतलंत, तर पाकिटाचे पैसे पाण्यात.